एक ओळ कोणाची? अमेरिकेतल्या शिक्षण-डेटाच्या एपीआयची मांडणी

इलिनॉय राज्यातल्या सरकारी शाळांत २०२० साली तिसरीत किती मुली होत्या? प्रश्न एका वाक्याचा आहे. पण उत्तर काढायचं तर आधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात: आकडा शाळेचा घ्यायचा की शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, तो कोणत्या सरकारी पाहणीतून घ्यायचा, २०२० म्हणजे कोणतं शैक्षणिक वर्ष, आणि ‘मुली’ ही ओळ कोष्टकात कशी लिहिलेली आहे. वॉशिंग्टनमधल्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१८ साली सुरू केलेल्या एज्युकेशन डेटा पोर्टलचं एपीआय नेमक्या याच निर्णयांभोवती रचलेलं आहे. ते मोफत आहे आणि वापरायला नोंदणी किंवा चावी, म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला सांकेतिक क्रमांक, लागत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आणि जनगणना खात्याच्या वेगवेगळ्या पाहण्या एका साच्यात बसवण्याचं मोठं काम त्यात झालेलं आहे. पूर्वी दर वर्षाची फाइल वेगळी उतरवायची, तिचे रकाने वेगळे, संकेतांक वेगळे, आणि ते जुळवण्यातच अभ्यासाचा निम्मा वेळ जायचा.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला विचारण्याची ठरलेली पद्धत. इथे विचारणं म्हणजे एक वेब-पत्ता लिहिणं. आपल्या प्रश्नाचा पत्ता असा होतो (प्रत्यक्षात तो रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचा असतो):

स्कूल्स / सीसीडी / एन्रोलमेंट / २०२० / ग्रेड-३ / सेक्स / ? फिप्स = १७

डावीकडून वाचत जा. पहिला तुकडा पातळी सांगतो: शाळा. दुसरा स्रोत, म्हणजे ही माहिती कोणत्या पाहणीने गोळा केली: इथे सीसीडी, सरकारी शाळांची वार्षिक नोंद. तिसरा विषय: पटसंख्या. चौथा वर्ष. पुढचे दोन तुकडे विभागणीचे आहेत: इयत्ता तिसरी, आणि मुलगे-मुली वेगळे. प्रश्नचिन्हानंतरचा भाग फिल्टर आहे. ‘फिप्स’ म्हणजे राज्य क्रमांक, आणि १७ हा इलिनॉयचा. सगळे संग्रह याच क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे पत्ता वाचता आला की मांडणी कळते.

या क्रमात विभागणी आणि फिल्टर यांतला फरक पहिल्याच दिवशी पक्का करून घ्यावा. विभागणी कोष्टकाचा आकार बदलते. पत्त्यात ‘सेक्स’ लिहिलं की प्रत्येक शाळेच्या एका ओळीच्या जागी अनेक ओळी येतात. फिल्टर आकार बदलत नाही, नको त्या ओळी फक्त गाळतो. नवशिक्या माणसाला हवा असतो फिल्टर आणि तो मागतो विभागणी, किंवा उलट. मग ओळी अपेक्षेच्या दुप्पट-तिप्पट येतात नाहीतर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं.

तीन पातळ्या, आणि मधल्या पातळीचा घोळ

सर्वात वर तीन पातळ्या आहेत: शाळा, स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि कॉलेज-विद्यापीठ. पहिली आणि तिसरी सहज समजतात. अडकायला होतं ते मधलीपाशी.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. ते शाळा चालवणारं स्थानिक मंडळ असतं. त्याचे सदस्य बहुतेक ठिकाणी निवडून येतात, आणि त्याचं उत्पन्न बऱ्याच अंशी त्या भागातल्या मालमत्ता करातून येतं. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारा घटक म्हणजे काउंटी, आणि एका काउंटीत अनेक डिस्ट्रिक्ट असू शकतात. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे शंभराहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. याउलट हवाईचं सगळं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. देशभरात नेहमीच्या पद्धतीची डिस्ट्रिक्ट सुमारे १३ हजार आहेत. पण यादीत ओळी त्याहून बऱ्याच जास्त दिसतात, कारण अनेक राज्यांत एकेक चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणारी) कायद्याने स्वतःच एक डिस्ट्रिक्ट असते, आणि नुसत्या सेवा पुरवणाऱ्या प्रादेशिक संस्थाही यादीत येतात. ‘डिस्ट्रिक्टची सरासरी पटसंख्या’ काढण्याआधी संस्थेचा प्रकार सांगणारा रकाना पाहून नेहमीची डिस्ट्रिक्ट वेगळी केली नाहीत, तर सरासरी खाली घसरते आणि ती कशाची सरासरी आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पातळी निवडताना नियम साधा आहे: ज्याने फॉर्म भरला त्याच्याच पातळीवर माहिती ठेवलेली असते. जमाखर्च डिस्ट्रिक्टच्या वहीत असतो, म्हणून सीसीडीचा वित्त-संग्रह डिस्ट्रिक्टच्या पातळीवर आहे. इयत्तावार पट शाळेतही मिळतो आणि डिस्ट्रिक्टमध्येही. पण डिस्ट्रिक्टचा आकडा म्हणजे तिच्या शाळांची बेरीज असेलच असं धरू नये. दोन्ही आकडे वेगवेगळे कळवले जातात आणि त्यांत थोडा फरक सापडतो. अशा वेळी एकच पातळी धरून शेवटपर्यंत तिच्यावरच राहावं.

स्रोत: कोणी, का आणि किती दिवसांनी मोजलं

पत्त्यातला दुसरा तुकडा सर्वात महत्त्वाचा आहे, आणि लोक त्यावरच सर्वात कमी वेळ घालवतात. पटसंख्या सीसीडीतही सापडते आणि सीआरडीसीतही. दोन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

सीसीडी, म्हणजे कॉमन कोअर ऑफ डेटा, ही नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स या संघराज्य संस्थेची वार्षिक नोंद आहे. एपीआयमधली तिची मालिका १९८६ पासून सुरू होते. देशातल्या सगळ्या सरकारी शाळा, म्हणजे सुमारे १ लाख, तिच्यात येतात. खासगी शाळा येत नाहीत. माहिती राज्यांची शिक्षण खाती आपल्या नोंदींतून पाठवतात. शाळेचं नाव, पत्ता, अक्षांश-रेखांश, इयत्ता, शिक्षकसंख्या, चार्टर आहे की नाही हे सगळं ‘डिरेक्टरी’ या विषयाखाली असतं, आणि पट ‘एन्रोलमेंट’खाली. दोन्ही एकाच वेळी लागतात, म्हणून ती जोडावी लागतात. त्याकडे पुढे येऊच.

सीआरडीसी, म्हणजे सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन, ही शिक्षण खात्यातल्या नागरी हक्क कार्यालयाची पाहणी आहे. १९६८ पासून ती होते आहे, साधारण वर्षाआड, आणि २०११-१२ पासून नियमाने सगळ्या सरकारी शाळांची. तिचा उद्देशच वेगळा: शाळेत कोणत्या मुलांना काय मिळतं आणि कोणावर कोणती कारवाई होते. म्हणून निलंबन, छळाच्या तक्रारी, मुलाला धरून ठेवणं किंवा एकटं कोंडणं, वरच्या दर्जाच्या अभ्यासक्रमात प्रवेश, सततची गैरहजेरी हे विषय तिच्यातच सापडतात. इथे माहिती डिस्ट्रिक्ट आणि शाळा स्वतः भरतात. वर्षं सलग नाहीत: २०११, २०१३, २०१५, २०१७ अशी उडी मारत जातात. २०१९-२० ची फेरी कोविडमुळे पुढे ढकलून २०२०-२१ मध्ये घेतली, आणि लगेच २०२१-२२ मध्ये पुढची. ‘२०१९’ मागितलं तर काहीच येत नाही. मधलं वर्ष दोन टोकांच्या सरासरीने भरायचा मोह होतो, पण शाळा बंद असलेल्या काळाच्या दोन्ही बाजूंना असली सरासरी टिकत नाही.

एडफॅक्ट्स या शिक्षण खात्याच्या संग्रहात राज्यांच्या परीक्षांचे निकाल आणि शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण असतं. २०२० च्या वसंत ऋतूत राज्यांना परीक्षा घेण्यातून सूट दिली होती, म्हणून तिथे भोक आहे. शिवाय प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी आणि उत्तीर्णतेची रेषाही वेगळी. एका राज्याचे ६० टक्के आणि दुसऱ्याचे ४५ टक्के शेजारी ठेवून पहिलं राज्य पुढे आहे असं म्हणता येत नाही. एपीआय दोन्ही आकडे एकाच रकान्यात देतं, आणि एका रकान्यात आले म्हणून ते तुलनेला योग्य आहेत असा समज होतो. मांडणी सारखी केल्याने मोजमाप सारखं होत नाही.

एडफॅक्ट्सची आणखी एक खोड समजून घेण्यासारखी आहे. लहान गटात कोणता विद्यार्थी नापास झाला हे ओळखू येऊ नये म्हणून परीक्षेची टक्केवारी नेमकी न देता पट्ट्यात दिलेली असते. गटात ५ किंवा कमी मुलं असतील तर आकडा दडवलेला असतो. ६ ते १५ असतील तर फक्त ‘५० च्या खाली’ किंवा ‘५० किंवा जास्त’. १६ ते ३० असतील तर २१ ते ३९, ४० ते ५९ असे रुंद पट्टे. ३१ ते ६० ला साधारण १० टक्क्यांचे, ६१ ते ३०० ला ५ टक्क्यांचे. ३०० च्या वर गेलं की पूर्णांकातली टक्केवारी मिळते. एपीआय या पट्ट्याचे तीन रकाने करतं: खालची कड, वरची कड आणि मध्य. बहुतेक जण मध्य उचलतात, कारण तो एक सुटसुटीत आकडा असतो.

आता १० मुलांचा एक गट घ्या. यंदा ४ उत्तीर्ण, म्हणजे ४० टक्के, म्हणून पट्टा ‘५० च्या खाली’ आणि मध्य २५ च्या आसपास. पुढच्या वर्षी ५ उत्तीर्ण झाले. पट्टा बदलून ‘५० किंवा जास्त’ झाला आणि मध्य गेला ७५ वर. एक मूल जास्त पास झालं, आणि आलेखात शाळेने ५० टक्क्यांची झेप घेतली. ‘सर्वाधिक प्रगती केलेल्या शाळा’ अशी यादी मध्यावरून काढली तर ती अशाच लहान शाळांनी भरते. उपाय असा: दोन्ही कडा ठेवायच्या, आणि दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील किंवा एकमेकांना लागून असतील तर बदल झाला असं म्हणायचं नाही.

गरिबीसाठी स्रोत निवडणं तर स्वतंत्र विषय आहे. वर्षानुवर्षं अभ्यासक सीसीडीतला ‘मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं’ हा रकाना गरिबीचं माप म्हणून वापरत आले. २०१० च्या कायद्याने एक तरतूद आणली आणि २०१४-१५ पासून ती देशभर लागू झाली: ज्या शाळेत ठराविक प्रमाणात मुलं आधीच सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांतली आहेत, तिथे अर्ज न घेता सगळ्यांना मोफत जेवण. हे प्रमाण आधी ४० टक्के होतं, २०२३ मध्ये २५ वर आणलं. मुलांच्या पोटासाठी ही चांगलीच गोष्ट झाली, पण अनेक ठिकाणी अशा शाळा १०० टक्के पात्र म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या आणि मापाचा अर्थ गेला. २०१० आणि २०२० चे आकडे जोडून ‘गरिबी दुप्पट झाली’ असं लिहिणं ही या डेटातली नेहमी आढळणारी चूक आहे.

यावर पोर्टलमध्ये दोन पर्याय आहेत. एसएआयपीई हा जनगणना खात्याचा अंदाज. तो डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहणाऱ्या ५ ते १७ वयाच्या मुलांमधली गरिबी सांगतो. ‘राहणाऱ्या’ या शब्दाकडे लक्ष द्या. तिथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांबद्दल तो बोलत नाही, आणि स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असलेल्या चार्टर शाळेला हद्दच नसल्याने तिच्यासाठी हा आकडा नसतोच. दुसरा एमईपीएस, अर्बन इन्स्टिट्यूटने स्वतः बांधलेला शाळेच्या पातळीवरचा अंदाज. तो मोजलेला आकडा नव्हे, प्रतिमानातून काढलेला आहे. लिहिताना ‘अंदाजे’ म्हणायला विसरू नये.

एक ओळ म्हणजे कोण

आता सगळ्यात जास्त आकडे चुकतात त्या ठिकाणी येऊ. कोष्टक हातात आलं की पहिला प्रश्न विचारायचा: यातली एक ओळ कोणाची आहे?

डिरेक्टरीत एक ओळ म्हणजे एका वर्षातली एक शाळा. पटसंख्येत, विभागणी मागितली असेल तर, एक ओळ म्हणजे एक शाळा, एक वर्ष, एक इयत्ता, एक वंशगट, एक लिंग. लिंगासाठी १ म्हणजे मुलगे, २ म्हणजे मुली. वंशासाठी १ गोरे, २ कृष्णवर्णीय, ३ हिस्पॅनिक, ४ आशियाई, ५ मूळ अमेरिकी, ६ हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, ७ दोन किंवा जास्त वंशांचे. आणि सगळीकडे ९९ म्हणजे एकूण.

हा ९९ म्हणजे घरच्या हिशेबाच्या वहीतली ‘एकूण’ ही ओळ. ती पुन्हा बेरजेत घेतली तर हिशेब दुप्पट होतो. एका शाळेत तिसरीत ६० मुलं समजा: ३२ मुलगे, २८ मुली. कोष्टकात ३२, २८ आणि ६० अशा तीन ओळी येतात. रकाना सरसकट बेरजेला लावला की १२०. वंश आणि लिंग दोन्ही मागितले तर दोन्ही बाजूंची ‘एकूण’ मिसळते आणि उत्तर २४० येतं. सगळ्या इयत्तांसोबत ‘ग्रेड-९९’सुद्धा घेतली तर एकूण पट आठपट फुगतो. बरोबर दुप्पट, चौपट किंवा आठपट उत्तर आलं, तर दुसरीकडे कुठे शोधू नका. ९९ गाळायचे राहिले आहेत.

कोणते ९९ ठेवायचे? ज्या गोष्टीची विभागणी हवी तिचे ९९ काढायचे, जिची नको तिचे फक्त ९९ ठेवायचे. आपल्या प्रश्नात लिंग हवं आहे, वंश नको. म्हणून पत्त्यात वंश लिहिलाच नाही, आणि हातात आलेल्या ओळींपैकी लिंग २ एवढ्याच घेतल्या. तुकड्यांची बेरीज आणि कळवलेलं एकूण यांत फरक पडला तर तो नोंदवून ठेवावा. काही शाळांनी काही मुलांचा वंश कळवलेला नसतो, आणि फरक बहुधा तिथलाच असतो.

वंशाच्या गटांना इतिहासही आहे. आधी गट पाच होते. शाळांच्या नोंदींत सात गट सगळ्या राज्यांना २०१०-११ पासून बंधनकारक झाले. त्याआधीची दोन-तीन वर्षं संक्रमणाची, काही राज्यं पाचावर आणि काही सातावर. त्यामुळे आशियाई मुलांच्या संख्येत त्या काळात दिसणारी घट खरी असेलच असं नाही. बेटांवरची मुलं वेगळ्या गटात गेली, आणि मिश्र वंशाच्या मुलांना स्वतःची ओळ मिळाली.

सीआरडीसीत ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण अपंगत्व आणि इंग्रजी शिकणारी मुलं अशाही विभागण्या येतात, पण प्रत्येक जोडी मिळत नाही. शिस्तीच्या कारवाईत अपंगत्व-वंश-लिंग असा एक संच आहे, अपंगत्व-इंग्रजी शिकणारे-लिंग असा दुसरा. वंश आणि इंग्रजी शिकणारे यांचा मिळून संच मागितला तर एपीआय देत नाही, कारण मूळ फॉर्ममध्येच तो प्रश्न नव्हता. हिस्पॅनिक आणि इंग्रजी शिकणारी मुलगी किती वेळा निलंबित झाली, हे या पाहणीतून कळू शकत नाही. दोन संच जोडून ते काढण्याचा प्रयत्न करू नये.

उणे आकडे

पटसंख्या उणे कशी असेल? नसते. −१ म्हणजे माहिती कळवलेली नाही. −२ म्हणजे प्रश्न लागूच नाही, जसं प्राथमिक शाळेच्या ओळीत बारावीचा प्रश्न. −३ म्हणजे गोपनीयतेसाठी दडवलेली.

पाच शाळांचे आकडे ४०, ५०, −१, ६०, −३ असे आले आणि सरासरी काढली तर १४६ भागिले ५, म्हणजे २९.२. खरी उत्तरं तीनच आहेत आणि त्यांची सरासरी ५०. चूक एवढी मोठी असली तर दिसते. हजारो ओळींत शंभरेक −१ असले की सरासरी थोडीशीच हलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून डेटा उतरवल्याबरोबर, काहीही मोजण्याआधी, हे तिन्ही संकेतांक रिकाम्या जागेत बदलावेत, पण कुठे कोणता होता याची वेगळी नोंद ठेवून. कळवलं नाही आणि दडवलं या एकच गोष्टी नाहीत: दडवलेल्या जागी लहान का होईना, आकडा आहे. आणि शून्य म्हणजे शून्यच. त्याला रिकामं समजू नये.

वर्ष कोणतं

एपीआयमधलं वर्ष म्हणजे शैक्षणिक वर्ष ज्या शरद ऋतूत सुरू होतं ते. २०२० म्हणजे २०२०-२१. ‘कोविडच्या आधीचं वर्ष’ म्हणून २०२० घेणारा माणूस नेमकं कोविडचं वर्ष घेऊन बसतो. त्याला २०१८ हवं असतं, कारण २०१९ मध्येही मार्च ते जून येतात. कॉलेजांच्या बाबतीत वर्षाचा अर्थ आणखी सरकतो. पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण ठरलेल्या कालावधीच्या दीडपट मुदतीत मोजतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. २०२० सालापर्यंत पदवी मिळाली का हे ज्यांच्याबद्दल पाहिलं ती तुकडी २०१४ ची. त्याच वर्षाच्या फीशी किंवा प्रवेशाच्या कडकपणाशी हे प्रमाण जोडणं म्हणजे दोन वेगळ्या पिढ्यांची गाठ मारणं.

जोडणीचे क्रमांक

दोन संग्रह जोडायचे ते क्रमांकावरून, नावावरून कधीच नाही. ‘लिंकन एलिमेंटरी’ नावाच्या शाळा अमेरिकेत आपल्याकडच्या ‘महात्मा फुले विद्यालया’इतक्या आहेत.

शाळेचा क्रमांक १२ अंकी असतो. पहिले ७ अंक डिस्ट्रिक्टचे, शेवटचे ५ शाळेचे. त्या ७ मधले पहिले २ राज्याचे. शिकागोच्या डिस्ट्रिक्टचा क्रमांक १७०९९३०: पुढे १७ म्हणजे इलिनॉय. आपल्याकडे यू-डायस क्रमांक भरणाऱ्या मुख्याध्यापकांना ही रचना ओळखीची वाटेल. यू-डायसचे ११ अंक असतात: २ राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), २ जिल्ह्याचे, २ तालुक्याचे, ३ गाव किंवा प्रभागाचे आणि २ शाळेचे. दोन्हीकडे फायदा एकच, क्रमांक पाहून ठिकाण कळतं. तोटाही एकच: ठिकाणाची हद्द बदलली की क्रमांकाला अर्थ उरत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तशा घटनांत, आणि तिकडे दोन डिस्ट्रिक्ट एकत्र झाली की, इमारत आणि मुलं तीच राहून नोंद बदलू शकते. मग डेटात एक शाळा ‘बंद’ पडते आणि एक ‘नवी’ उघडते. अशा वेळी जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता हाताने बनवावा लागतो.

दुसरी नित्याची अडचण पुढच्या शून्याची. कॅलिफोर्नियाचा क्रमांक ०६, अलाबामाचा ०१, कनेटिकटचा ०९. एक्सेलने रकाना संख्या समजून उघडला की शून्य जातो, १२ चे ११ अंक होतात आणि जोडणीत ही सगळी राज्यं गळतात. इलिनॉयच्या शाळांचा क्रमांक तर ई+११ अशा रूपात दिसायला लागतो, आणि तशी फाइल जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. रकाना उघडतानाच ‘मजकूर’ म्हणून उघडायचा. यू-डायसमध्येही हिमाचल (०२), दिल्ली (०७), उत्तर प्रदेश (०९) यांची हीच गत होते; महाराष्ट्राची होत नाही, म्हणून आपल्याकडच्यांना ही चूक उशिरा कळते.

कॉलेजांना दोन क्रमांक असतात. युनिटआयडी ६ अंकी, आयपीईडीएस या कॉलेजांच्या संघराज्य पाहणीचा, प्रत्येक संस्थेला वेगळा. ओपीईआयडी ८ अंकी, शिक्षण खात्याच्या आर्थिक मदतीसाठी; त्याचे पहिले ६ अंक मुख्य संस्थेचे आणि शेवटचे २ शाखेचे. कर्ज आणि अनुदानाची रक्कम अनेकदा मुख्य संस्थेच्या नावावर एकत्र नोंदलेली असते. ती सहा अंकांवरून जोडली तर तीच रक्कम प्रत्येक शाखेपुढे येते आणि बेरजेत तितक्या वेळा मोजली जाते.

कॉलेजांचे संग्रह

तिसऱ्या पातळीवर पाया आयपीईडीएसचा. संघराज्याच्या विद्यार्थी-मदत योजनेत असलेल्या प्रत्येक संस्थेला ती भरणं सक्तीचं आहे, म्हणून ती जवळपास पूर्ण आहे. प्रवेश, पट, फी, पदव्या, वित्त, कर्मचारी असे तिचे भाग शरद, हिवाळा आणि वसंत अशा तीन फेऱ्यांत गोळा होतात, आणि एपीआयमध्ये प्रत्येक भाग वेगळा विषय बनतो. सरकारी आणि खासगी संस्था हिशेब वेगवेगळ्या मानकांनी लिहितात, त्यामुळे वित्ताचे त्यांचे आकडे थेट तुलनेला घेऊ नयेत. सोबत कॉलेज स्कोअरकार्ड (कॉलेजनिहाय खर्च, कमाई वगैरेंचा शिक्षण खात्याचा तक्ता), आर्थिक मदतीच्या नोंदी, कॅम्पसवरचे गुन्हे असे इतर स्रोत त्याच पातळीखाली आहेत.

पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला जाणारी मुलं आणि त्यांचे पालक हे आकडे पाहतात, म्हणून दोन गोष्टी ठळकपणे सांगायला हव्यात. आयपीईडीएसच्या वंशाच्या रकान्यात ४ म्हणजे आशियाई, पण विद्यार्थी व्हिसावर आलेला भारतीय तिथे मोजला जात नाही. तो ८ या गटात, म्हणजे अनिवासी परदेशी म्हणून मोजला जातो, मग तो भारतातला असो, नायजेरियातला किंवा जर्मनीतला. ‘या विद्यापीठात २० टक्के आशियाई’ यावरून तिथे भारतातून आलेले किती हे काढता येत नाही. दुसरी गोष्ट, स्कोअरकार्डमधली पदवीनंतरची कमाई संघराज्याची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचीच असते. परदेशी विद्यार्थ्यांना ती मदत मिळत नाही, म्हणून त्या आकड्यात ते नाहीतच. कर्ज काढून एमएसला जाण्याचा हिशेब त्या कमाईवर मांडू नये.

हातात घेताना

सुरुवात डेटापासून न करता यादीपासून करावी. एपीआयमध्ये स्वतःबद्दल सांगणारे पत्तेही आहेत: कोणते विषय उपलब्ध आहेत, कोणत्या वर्षांचे, प्रत्येकात कोणते रकाने, आणि संकेतांकांचे अर्थ काय. हव्या त्या विषयाची वर्षं आणि रकाने आधी तिथे पाहावेत.

मग एक वर्ष, एक लहान राज्य असा फिल्टर लावून थोड्या ओळी मागवाव्यात आणि डोळ्यांनी वाचाव्यात. उत्तरात चार गोष्टी येतात: एकूण ओळी किती, पुढच्या पानाचा पत्ता, मागच्या पानाचा पत्ता, आणि प्रत्यक्ष ओळी. एपीआय पानापानाने देतं. ‘पुढचं पान’ रिकामं येईपर्यंत मागत राहावं लागतं. पहिलं पान घेऊन थांबलेले अभ्यास पुष्कळ दिसतात, आणि त्यांत ज्यांचा राज्य क्रमांक लहान आहे तीच राज्यं सापडतात. शेवटी मिळालेल्या ओळी आणि पहिल्या पानावर सांगितलेली एकूण संख्या जुळते का, हे न चुकता पाहावं.

आर आणि स्टेटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तयार पॅकेज आहे. ते पानं स्वतः फिरतं आणि संकेतांकांच्या जागी नावंही लावून देतं. त्यात पातळी, स्रोत, विषय, उपविभाग आणि फिल्टर हे वेगवेगळे द्यायचे असतात, म्हणजे पत्त्याचेच तुकडे. राज्यवार बेरीज एवढंच हवं असेल तर सारांशाचा वेगळा पत्ता आहे: कोणता रकाना, बेरीज की सरासरी, आणि कशानुसार एवढं सांगितलं की लाखो ओळी न उतरवता उत्तर मिळतं. देशभराची अनेक वर्षं हवी असतील तर एपीआयवर भार न टाकता तयार सीएसव्ही फाइल उतरवणं बरं, आणि वेगही त्यातच आहे.

डेटा वापरायला मुभा आहे, अट श्रेय देण्याची. श्रेयात पोर्टलसोबत मूळ पाहणीचं नाव आणि उतरवल्याची तारीख लिहावी. मूळ संस्था जुन्या वर्षांचे आकडे सुधारतात आणि मग इथलेही बदलतात. तारीख नसेल तर सहा महिन्यांनी तुमचंच उत्तर तुम्हाला पुन्हा काढता येत नाही. मार्च २०२५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्सचे बहुतेक कर्मचारी कमी करण्यात आले. एपीआय कितीही नीट रचलेलं असलं तरी त्याच्या मुळाशी कोणीतरी पाठवलेला आणि कोणीतरी तपासलेला फॉर्मच असतो, म्हणून त्यानंतरच्या वर्षांचा डेटा वापरताना किती राज्यांनी माहिती पाठवली आणि −१ किती वाढले, हे आधी मोजून मगच पुढे जावं.